कुंडलिकेच्या दोन तीरांवर



‘जालना सोने का पालना’ ही म्हण ऐकली नाही असा मनुष्य या मंडपात सापडावयाचा नाही. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण ती त्याला मोठ्या ऐटीने ऐकवतो, आणि त्याने कौतुकाने मान डोलावली की आपले समाधान होते. परंतु पाळणा आपोआप हलत नसतो. त्याची दोरी कोणीतरी ओढीत असते. जालन्याच्या या सोन्याच्या पाळण्याची दोरी कोणाच्या हाती होती, आणि ती दोरी कशाची वळलेली होती, एवढाच प्रश्न मी आज आपणांपुढे ठेवणार आहे. माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. हात विणकऱ्याचे, रंगाऱ्याचे, हमालाचे होते, आणि दोरी कुंडलिकेच्या पाण्याची होती.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली, आणि पुढचे सारे वाचन युनियनच्या कचेरीत, सभा आटोपून माणसे घरी गेल्यावर झाले. हमाल, जिनिंगमधल्या बाया आणि सळ्यांच्या कारखान्यांतले कामगार यांच्या दारी वर्गणीसाठी हिंडता हिंडता काद्राबादच्या आणि जुन्या जालन्याच्या गल्ल्या पायांखालून गेल्या. तेव्हा राजवाड्याच्या गच्चीवरून इतिहास कसा दिसतो ते मला सांगता येणार नाही. ओट्यावरून तो कसा दिसतो ते सांगतो.

प्रथम भूगोल. कुंडलिका ही काही गंगा-गोदावरी नव्हे. दुधनेला मिळणारी ती एक लहान नदी. तिच्या उजव्या तीरावर जुना जालना आणि समोरच्या तीरावर काद्राबाद, म्हणजे कागदोपत्रीचे कादिराबाद. आज आपण दोन्ही मिळून एक शहर म्हणतो. पण विसाव्या शतकाच्या आरंभी छापलेले सरकारी गॅझेटियर उघडा. त्यात जालना आणि कादिराबाद ही दोन निरनिराळी गावे म्हणून नोंदलेली आढळतील. लग्नाच्या बोलणीत आजही ‘मुलगी जुन्या जालन्याची की नव्या?’ असे विचारले जाते, ते उगाच नव्हे. मधून वाहणाऱ्या पाण्याने दोन गावे वेगळी केली होती आणि त्याच पाण्याने ती जोडलीही होती.

आता नावाकडे वळू. एक परंपरा सांगते की हे रामायणकाळातले जनकपूर आणि येथे सीतामाईचे वास्तव्य होते. नदीकाठच्या रामतीर्थाचे नाव त्याच श्रद्धेशी नाते सांगते. दुसरी परंपरा अशी की, येथे एक धनवान मुसलमान विणकर होऊन गेला, त्याने गावावर पुष्कळ उपकार केले, आणि विणकराला ‘जुलाहा’ म्हणतात त्यावरून गावाला जालना हे नाव पडले. यांतली कोणती खरी, याचा निवाडा पंडितांनी करावा. मला एवढेच दिसते की, आसपासची किती गावे पाहा, कोणावर राजाचे नाव, कोणावर सुभेदाराचे, कोणावर बादशहाचे. आपल्या पूर्वजांना मात्र गावाच्या नावाची कथा सांगताना एक विणकर आठवावासा वाटला. ज्या गावाने मागावर बसणाऱ्या माणसाला संस्थापकाचा मान दिला, त्या गावाला आपले पोट कशावर चालते याची जाण होती, असे मी समजतो.

मागाला लागते सूत, सुताला लागते पाणी, आणि रंगाला तर पाण्यावाचून गतीच नाही. म्हणून जालन्याच्या इतिहासात मला सर्वांत मोठी घटना कोणती वाटते, तर ती १५६८ सालची. त्याच्या तीनच वर्षे आधी, १५६५ साली, तालिकोटची लढाई होऊन विजयनगर बुडाले. ती तारीख आपण शाळेत घोकली. परंतु १५६८ साली जमशेदखान नावाच्या माणसाने येथे काय केले ते आपल्याला कोणी घोकायला लावले नाही. त्याने मशीद बांधली, ती आपली काळी मशीद. शेजारी हमाम आणि सराई बांधली. आणि गावाच्या पश्चिमेस मोती तलाव बांधून त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावात आणले व ठिकठिकाणी हौद बांधून ते वाटले. सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. म्हणजे दमलेला परका वाटसरू जेथे उतरणार, तेथे पाणी सर्वांत जास्त. भरभराटीच्या काळात गावात असे पाच तलाव होते असे गॅझेटियर नमूद करते. खाली नदी वाहत असताना वर तलावाचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण उघड आहे. आपली नदी पावसाळ्यात दुथडी भरते आणि वैशाखात वाळूत तोंड लपविते. पावसाचे पाणी वर अडवायचे, उताराने गावात खेळवायचे, उरलेसुरले नदीला द्यायचे, आणि नदीकाठ धंद्यांसाठी मोकळा ठेवायचा, हा त्यातला हिशेब होता. मोटार नाही, वीज नाही; केवळ उताराच्या अकलेवर पाणी घरापर्यंत आले.

या पाण्यावर पेठ उभी राहिली. पेठ किती संपन्न होती याची साक्ष खुद्द शिवचरित्रात आहे. नोव्हेंबर १६७९ मध्ये, म्हणजे महाराजांच्या अखेरच्या मोठ्या मोहिमेत, मराठ्यांची फौज मोगली मुलखातल्या या पेठेवर चालून आली आणि चार दिवस पेठ लुटली गेली. सावकारांनी आपला ऐवज जानुल्लाशहा या साधूच्या बागेतील मठात नेऊन लपविला होता, असे इतिहासकार सांगतात. परतताना संगमनेराजवळ रणमस्तखानाने गाठले, सिधोजी निंबाळकर कामी आले, आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेने फौज पट्टागडावर पोचविली. त्या गडाला पुढे विश्रामगड म्हणू लागले. हा भाग आपण पोवाड्यांतून ऐकतो आणि तो ऐकण्यासारखाच आहे. पण एक गोष्ट विचारा. इतक्या दूरवर येऊन लुटावे असे या गावात काय होते? सोन्याची खाण येथे नव्हती. जे होते ते मागावरून उतरलेले कापड, जनावरांच्या पाठीवरून आलेले धान्य आणि त्यांच्या उलाढालीतून साठलेला पैसा. लुटणारा आणि लुटला जाणारा, दोघांचीही नावे इतिहासाला ठाऊक आहेत. माल तयार करणाऱ्याचे नाव तेवढे कोठे मिळत नाही.

१७२५ साली निजामुल्मुल्काच्या हुकुमाने काबिलखानाने गावाच्या पूर्वेस गढी बांधली, तो आपला मस्तगड. निजामुल्मुल्काला येथली हवा औरंगाबादेपेक्षा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरापेक्षा, अधिक मानवे. गडाचे बुरूज आपण पाहतो. मला त्यातली विहीर अधिक आवडते. दालने आणि सज्जे काढून बांधलेली ती प्रचंड विहीर पाहिली की कळते, तोफेइतकेच पाण्यालाही किल्लेदार भीत असे.

आणि आता पलीकडच्या तीरावर चला. काद्राबाद दगडी कोटाने वेढलेले होते. कोट बहुतेक गेला, पण त्याची दारे लोकांच्या जिभेवर उभी आहेत. पत्ता सांगताना आपण ‘पाणीवेस’ म्हणतो, ‘रंगार खिडकी’ म्हणतो. या दोन शब्दांत एक संपूर्ण वस्ती सामावलेली आहे. वेस म्हणजे मोठा दरवाजा. साऱ्या दरवाजांत एकाला पाण्याचे नाव मिळाले, कारण गावाची पावले रोज पाण्याकडे वळत. आणि खिडकी म्हणजे कोटातला लहान दिंडी दरवाजा. सरदाराला हत्तीवरून जाण्यासाठी दरवाजा हवा असतो. रंगाऱ्याला डोक्यावर ओल्या कापडाची पाटी घेऊन वाकून जाता आले म्हणजे पुरे. आपल्या गावाने त्या वाकून जाणाऱ्या माणसाचे नाव दाराला दिले आणि आजतागायत टिकविले.

त्याचे काम कसे चाले? नीळ पिंपात भिजवायची, लाल रंगाला आलीची मुळे उकळायची, रंग धरावा म्हणून कापडाला आधी हिरड्याचे आणि तुरटीचे पाणी द्यायचे. आणि दर पायरीला कापड वाहत्या पाण्यात खळबळून काढायचे. साचलेल्या पाण्यात धुतले तर रंग फुटतो. तेव्हा नदी वाहती राहण्यात रंगाऱ्याचा रोकडा फायदा होता. धोब्याचा होता, चामडे कमावणाऱ्याचा होता, वाळूत वाडी लावून काकड्या-खरबुजे पिकविणाऱ्याचा होता. नदीत कोणी घाण टाकली तर धर्मशास्त्र काय म्हणते ते पुढचे. आधी या माणसाचा माल बिघडे आणि तो भांडायला उभा राही. नदी स्वच्छ राही ती अशा भांडणांनी.

या वस्तीचे रूपही याच व्यवहारातून घडले. जुन्या वाड्यांची घडण आपण सारे जाणतो. दारातून आत शिरताच ढाळज, पुढे चौक, चौकात आड, भिंतीत देवळ्या, जमिनीत बळद. वर माळवद, तुळयांवर किलचन, किलचनावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पांढरी माती पाण्याने फुगून भेगा बुजवते, म्हणून माळवद गळत नाही आणि उन्हाळ्यात घर गार राहते. गल्ल्या अरुंद, कारण अरुंद गल्लीत दुपारीही सावली असते. प्रत्येक घराला ओटा, कारण सूत उलगडणे, धान्य पाखडणे, हिशेब करणे आणि भांडणे ही सारी कामे ओट्यावर होत. आज छायाचित्रे काढणारे लोक येतात आणि ‘किती सुंदर!’ म्हणतात. मीही तेच म्हणतो. पण या सौंदर्यात शोभेसाठी केलेले असे फार थोडे आहे; प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या कामाची गरज होती. धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते, राजा हत्तीवरून रेवड्या उधळतो, हिंदू-मुसलमान दुतर्फा उभे असतात. शंभरावर वर्षे चाललेली ती मिरवणूक याच वस्तीला शोभते, कारण रंग हा येथे सणाआधी धंदा होता.

तथापि जुन्या काळाची आरती ओवाळण्यासाठी मी येथे उभा नाही. जुन्या नदीकाठाला क्रम होता. पिण्याचे पाणी वर, धुणे त्याच्या खाली, कातडे सर्वांत खाली. शास्त्र म्हणून तो क्रम उत्तम. पण आपल्या समाजाने पाण्याचा क्रम माणसांना लावला. ज्याचे काम खाली, तो माणूस खालचा. त्याच्या घागरीला वरचा पाणवठा बंद. या मराठी मुलखातल्या पाणवठ्यांचा हा कलंक आहे आणि नदीकाठाच्या रम्यतेचे वर्णन करताना तो गाळणे म्हणजे लबाडी होईल. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न एका तळ्याचा नव्हता. म्हणून मी म्हणतो, जुन्या वस्तीपासून क्रम घ्यावा, उतरंड घेऊ नये.

हा नदीकाठ मोडला कसा? तोफांनी तो मोडला नाही. २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले, तीन आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, आपल्याच आजच्या जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईची लढाई होऊन शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. पुढे येथे छावणी आली आणि छावणीबरोबर सदर बाजार आला. राज्ये फिरली, पण रंगाऱ्याचे पिंप होते तेथेच राहिले. ते हलविले ते दूर जर्मनीतल्या प्रयोगशाळांनी. १८६८ साली तेथे आलीच्या-मंजिष्ठाच्या लाल रंगाचे कृत्रिम रूप सापडले, आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. डब्यातला रंग आला आणि मुळे उकळणाऱ्याची विद्या कवडीमोलाची झाली. गिरणीचे कापड त्याआधीच आले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी मीटरमापी गाडी जालन्यावरून धावू लागली. सरकीचे आणि गाठींचे कारखाने उभे राहिले. कालचा कोष्टी आणि रंगारी आज भोंग्यावर जाणारा मजूर झाला. त्या घटकेला त्याचे नदीशी असलेले नाते तुटले. वाफेच्या यंत्राला विहिरीचे पाणी चालते. नदी वाहते की नाही, याच्याशी गाठी बांधणाऱ्याला काय कर्तव्य?

पाणी पिण्याचे तेवढे नाते उरले होते. निजामी अमलातच घाणेवाडीचा तलाव झाला, त्याला आपण संत गाडगेबाबा जलाशयही म्हणतो. जमशेदखानाचीच युक्ती तेथे पुन्हा वापरली. पाणी उताराने नव्या जालन्यात आले, पंपाला पैसा पडला नाही. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान मुक्त झाले, १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला, २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. गाव वाढले, बियाण्यांचे आणि पोलादाचे गाव म्हणून नाव झाले. पण गाव जसे वाढले तसे पाणी दुरून आणावे लागले, आणि आज ते जायकवाडीहून, गोदावरीचे, विजेच्या जोरावर चढून येते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु त्याचा एक परिणाम झाला. ज्या पाण्यावर आपले पोट नाही आणि ज्याने आपली तहान भागत नाही, त्या पाण्याची राखण कोणी करीत नाही. गोदावरीचे पाणी नळाला आले आणि दाराशी असलेल्या कुंडलिकेत आपण मोरी सोडली. नदी मेली ती श्रद्धा कमी झाल्याने नव्हे. श्रद्धाळू माणसेही निर्माल्याची पिशवी पुलावरून खाली टाकतात. तिच्यावर अवलंबून असलेला माणूस उरला नाही म्हणून ती मेली.

हे मी केवळ तर्काने सांगत नाही. उलट बाजूचा पुरावा आपल्या गावातच आहे. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याची काय दशा झाली ती आपण विसरलेलो नाही. टँकरमागे धावणाऱ्या घागरी, रात्री दोन वाजता नळाला येणारे पाणी, पाण्यासाठी बुडालेली मजुरी. त्या वर्षांत घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने नागरिकांनी वर्गणी काढली, तलावातला गाळ उपसला, शेतकऱ्यांनी तो स्वखर्चाने शेतात नेला. व्यापारी, डॉक्टर, शेतकरी, मजूर एका तलावाभोवती गोळा झाले. का? कारण त्या तलावाशी तहान बांधलेली होती, आणि गाळाशी पीक बांधलेले होते. जेथे पोट बांधलेले, तेथे माणूस उभा राहतो.

आता कुंडलिकेच्या पुनरुज्जीवनाची भाषा निघाली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु अशा योजनांत एक धोका मी अनेक शहरांत पाहिला आहे. नदी सुशोभित करायची म्हणजे प्रथम काठावरची झोपडी उठवायची, मग फरशी घालायची, दिवे लावायचे आणि फिरायला येणाऱ्यांसाठी बाके ठेवायची. नदीकाठी आज कोण राहते? ज्याला दुसरीकडे भाडे परवडत नाही तो हमाल, धुणेभांडी करणारी बाई, भंगार वेचणारा पोर. नदीत सर्वांत मोठी घाण यांची नाही. ती वरच्या पक्क्या वस्तीच्या गटारांची आहे. मोरी आपली आणि उठवणी त्याची, हा न्याय नव्हे. शिवाय तो शहाणपणाही नव्हे, कारण त्याला उठविले की नदीकडे दिवसरात्र पाहणारा एकमेव माणूसही गेला. दिवे लागतील, आणि चार वर्षांनी त्याच दिव्यांच्या उजेडात तेच काळे पाणी दिसेल.

माझे म्हणणे इतकेच की, नदीला पुन्हा कामाशी जोडा. मोरीचे पाणी शुद्ध करूनच खाली सोडा, आणि शुद्ध झालेल्या पाण्यावर काठाच्या लोकांना रोपवाटिका, भाजीचे मळे, धोबीघाट चालवू द्या. गाळ काढण्याचे आणि काठ राखण्याचे काम ठेकेदाराच्या चार दिवसांच्या माणसांना न देता वस्तीतल्या माणसांना बारमाही, नोंदणीच्या मजुरीवर द्या. हमालाच्या पाठीला कायद्याचे संरक्षण द्यावे हे महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून देशाला दाखविले. मग नदी राखणाऱ्या हातांना नोंद, मजुरी आणि सुट्टी का मिळू नये? पाणीवेशीतून सकाळी बाहेर पडणाऱ्या माणसाची भाकरी जर पुन्हा नदीवर अवलंबून असेल, तर नदीत पिशवी टाकणाऱ्याचा हात तो स्वतः धरील. त्यासाठी फलक लावावे लागणार नाहीत.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपण आज घरी जाताना पूल ओलांडाल. कोणी लोखंडी पुलावरून जाल, कोणी राजमहाल टॉकीजच्या पुलावरून. एकदा नाकाला पदर किंवा रुमाल न लावता थांबा आणि खाली पाहा. खाली वाहते ते आपल्याच मोरीतून गेलेले पाणी आहे. पुढच्या निवडणुकीत उमेदवार ओट्यावर येईल तेव्हा त्याला रस्त्याआधी एक प्रश्न विचारा; ‘आमच्या गल्लीची मोरी कोठे जाते?’ मी युनियनचा माणूस आहे. मागणी लहान असावी, नेमकी असावी आणि सर्वांनी मिळून करावी, एवढेच मला या आयुष्यात शिकायला मिळाले. ही मागणी दोन्ही तीरांनी एका आवाजात करावी, अशी माझी आपणांस विनंती आहे.